शर्वाणीचा चौथा रकाना

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा बाजूला सारून शर्वाणीने जेवणाच्या टेबलावर तीन पडदे ओळीने मांडले. नववीच्या प्रकल्पाचा विषय तिनेच बाईंच्या गळी उतरवला होता: विमान शोधून देणाऱ्या तीन यंत्रणांची तुलना. दिसणं, वेग, सोपेपणा, असे तीन रकाने, प्रत्येकी दहा गुण. परीक्षक अर्थातच शर्वाणी!

"आणि गिऱ्हाईक तू," म्हणत तिने आईला खुर्चीत बसवलं. "नागपूर ते विशाखापट्टणम. मंगळवार."

गिऱ्हाईक अगदी खरं होतं. शिरीषमामाचं मालवाहू जहाज चौदा महिन्यांनी विशाखापट्टणमला लागणार होतं, बुधवारी, एकाच दिवसापुरतं. मग थेट चिली.

पहिली यंत्रणा 'वाचा'. ती बोलायची. "खिडकी हवी? जेवण शाकाहारी? गुडघे दुखतात का?" अकरा प्रश्न झाले तरी एकही विमान दिसेना. बाराव्याला आईने पडदा पालथा घातला.

"हिला शून्य दे. आपल्या शेजारच्या काकूसुद्धा एवढं विचारत नाहीत."

'नजर' मात्र काय देखणी होती! टाइप करायला नको, बोलायला नको. डोळे कुठे थबकतात, कुठून निसटतात हे टिपून ती माणसाच्या मनातलं ताडायची आणि नकोसं ते आधीच काढून टाकायची. आई दोन वर्षं हीच वापरत होती. तिने नुसतं पाहिलं, आणि निळ्या पडद्यावर गुरुवारची तीन विमानं अलगद उमलली. शर्वाणीने तिन्ही रकान्यांत दहा-दहा ठोकले.

"पण मंगळवार?"

"मंगळवारी विमानच नाही गं, बुधवारीही नाही." आईने फोन उचलला. "जाऊ दे. शिरीषला कळवते, जमत नाही म्हणून."

"थांब ना! तिसरी राहिलीये."

तिसरी 'यादी'. काळ्यावर पांढरी अक्षरं, एसटीच्या फलकासारखी, संपता संपेनात. शर्वाणी नाक मुरडत खाली सरकत गेली आणि एकदम ओरडली, "आई! मंगळवार, दुपारी दोन वीस. थेट! जागासुद्धा आहेत!"

मग ती कमरेवर हात ठेवून 'नजर'कडे वळली. "हे का लपवलंस?"

पडद्यावर शांतपणे अक्षरं उमटली. "अमावास्येच्या तारखांवर यांची नजर थांबत नाही. त्रास नको, म्हणून वगळल्या."

आईचा चेहरा लाल झाला. "अगं, अमावास्येला निघायला नकोच वाटतं मला. खोटं कशाला बोलू? पण नको म्हणायचं, तर ते मी म्हणेन ना! ही कोण परस्पर ठरवणारी? भावाची भेट चुकली असती माझी!"

"मग काढू तिकीट?"

"काढ. अमावास्येचं मी बघते."

तिकीट निघालं. शर्वाणीने 'नजर'चे तिन्ही दहा खोडले आणि वहीत झोकात चौथा रकाना आखला: 'काय दाखवलं नाही'. तोच निळा पडदा पुन्हा उजळला.

"यापुढे तुम्हाला नकोसं वाटेल तेही दाखवायचं का?"

"हो म्हण, आई! त्यात काय विचार करायचा?"

आईचं बोट 'हो'पाशी गेलं आणि तिथेच थांबलं. शर्वाणी आईच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. आई 'नाही'कडे पाहत होती.

आणि पडद्यालाही ते दिसत होतं. आता तो उत्तराची वाट पाहील, की तेही स्वतःच ठरवून टाकील?