उधाणातले कोल्हे

उधाणाच्या भरतीत तिवरांतले कोल्हे जातात कुठे, हे शोधायला निल्मिनी श्रीलंकेतल्या नेगोंबोहून भिवंडीला आली होती. खाडीकाठी गोदामांसाठी भराव पडत चालला होता. कोल्ह्यांची कोरडी जागा वेळेत सापडली, तरच ती वाचवायला काही करता येणार होतं.

भिवंडीतल्याच टेमघरला धम्मदिनाच्या घरी तिला वरची खोली मिळाली. सुरुवातीला मागच्या गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात डोळा लागेना, आणि धामणकर नाक्यावर कुठली शेअर रिक्षा कुठे जाते तेही उमजेना. धम्मदिना नर्स होती. ड्युटी संपली की ती निल्मिनीला बाजारात न्यायची आणि भाव तिलाच करायला लावायची. मराठी अशी भाजीपाल्याबरोबर घरात आली.

खाडीकाठच्या हिरामणदादांची होडी होती. ते म्हणाले, "कोल्हं रोज वरडतात. पन उधानाला जातात कुठं, कोनी बघितलं न्हाय."

पुनवेच्या दुपारी तिघं निघाली. दोन्ही अंगांना तिवरांच्या हिरव्या भिंती होत्या, वर घारी घिरट्या घालत होत्या, आणि पाण्यावर लूमच्या सुताचे गुंते तरंगत होते. त्यातलाच एक इंजिनाच्या पंख्यात अडकला. इंजिन बंद पडलं आणि पाण्याच्या ओढीने होडी चिखलावर जाऊन रुतली.

धम्मदिना ढकलायला खाली उतरली. पहिल्याच पावलाला ती कमरेपर्यंत गेली!

हिरामणदादांनी दोर फेकून ओढलं. ती सुटेना. पाणी मात्र चढत होतं. तिच्या छातीला लागलं.

निल्मिनीने होडीतली फळी उथळ पाण्यात टाकली आणि फळीवर पालथी पडून सरपटत पुढे गेली. लहानपणी ती स्वतःच असल्या चिखलात रुतली होती. "मागे रेल," ती म्हणाली. "ओढू नको. पाय हळूहळू हलव, सायकलसारखे."

एक पाय सुटला. मग दुसरा. दोघी फळीला धरून होडीत आल्या, तोवर होडीही तरंगू लागली होती.

"आता मागं फिरू," हिरामणदादा म्हणाले.

धम्मदिनाने चिखल थुंकला. "एवढा चिखल खाल्ला तो फुकट का? चला पुढे."

त्यांनी बांबू टेकवत होडी वळणापलीकडे नेली, आणि निल्मिनीने दादांचा हात दाबला. समोर पाण्यात तीन डोकी पोहत होती. कोल्हे! त्यांनी होडी लांबच थांबवली. कोल्हे जुन्या मिठागराच्या बांधावर चढले. तिथे झुडपांत पिल्लं होती, कोरडी ठणठणीत. एका मादीने अंग झटकलं आणि पिल्लं दुधासाठी तिच्यावर तुटून पडली.

निल्मिनीचा कॅमेरा चालू होता आणि डोळे वाहत होते.

"तुझ्या लोकांना आता काय सांगशील?" हिरामणदादांनी हळूच विचारलं.

"सांगेन," ती म्हणाली, "आमच्या खाडीत कोल्ह्यांचं घर आहे."

हिरामणदादांनी मान डोलावली आणि भरल्या खाडीत होडी घराकडे वळवली.