दुसरं बदक

वाचनालयाच्या कोपऱ्यात चार संगणक होते, त्यातले तीन कायमचे आजारी. म्हणून शिवणकाम करणाऱ्या बाई त्या दुपारी चौथ्यापाशी गेल्या, तर तिथे पिकल्या मिशांचे एक उंच गृहस्थ ठाण मांडून बसलेले. निवृत्त बसचालक. पडद्यावर पालथे पत्ते होते, आणि ते असे डोळे रोखून बघत होते, की जणू पुढे अवघड वळण आहे.

"दोन पत्ते उघडायचे. सारखे निघाले तर जोडी आपली," त्यांनी न विचारताच सांगितलं. "रोज खेळलं की डोकं तल्लख होतं म्हणे."

"मग झालं का?"

"काय?"

"तल्लख."

"ते... आठवत नाही."

बाई खळखळून हसल्या. नवरा गेल्यापासून असं हसू फुटलंच नव्हतं. फ्रॉकचे नवे नमुने बघायला आल्या होत्या, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून एका संगणकापुढे दोन खुर्च्या आल्या.

त्या थट्टामस्करीखाली एक धास्ती होती. एकदा गॅस पेटता ठेवून चालक फिरायला निघून गेले होते, तेव्हापासून त्यांच्या मुलीचा जीव टांगणीला लागला होता. महिनाअखेरीस डॉक्टर स्मरणशक्ती तपासणार होते. ती बरी निघाली तर बाबा इथेच राहतील. नाही तर मुलगी त्यांना आपल्या शहरात नेणार होती, आगगाडीने रात्रभराच्या अंतरावर.

"पोरगी गुणाची आहे हो," ते म्हणाले. "पण तिथे माझं कोण आहे?"

"इथे तरी कोण आहे?" बाईंनी विचारलं, आणि त्यांच्याच कानाच्या पाळ्या तापल्या.

"हा संगणक आहे की," ते मिशीतल्या मिशीत हसले.

एकदा बदकाचा पत्ता निघाला आणि दुसरं बदक काही केल्या सापडेना. त्यांचं बोट हवेतच घुटमळत राहिलं. बाईंना राहवलं नाही... त्यांनी नुसतं वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बोट तिकडे गेलं. बदक!

मग सवयच लागली. गिऱ्हाइकाचं माप नजरेनं जोखणाऱ्या बाई नजरेनंच पत्ते सांगू लागल्या. गुण चढत गेले, पडद्यावर रंगीत फुगे उडाले. एवढ्याशा टेकूनं काय बिघडतं, बाई मनाची समजूत घालत. माणूस सुधारतोय ना!

तपासणीच्या दिवशी नर्सनं बाईंना दारातच अडवलं. "आत फक्त घरचे."

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि शब्द परत विचारले. चालकांना एकच आठवला. मुलगी डोळे पुसत बाहेर आली. "खेळात तर एवढे गुण मिळायचे बाबांना," ती बाईंना म्हणाली आणि औषधं आणायला गेली.

मागून चालक आले. बाईंना वर बघवेना.

"चूक माझी आहे. मी तुम्हाला पत्ते सांगत होते... डोळ्यांनी. तुमच्या डोक्याला कामच दिलं नाही मी."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं?"

"जन्मभर आरशात बघत गाडी हाकली, बाई. शेजारचं माणूस कुठे बघतंय, ते मला कळणार नाही?"

"मग बोलायचं नाही का?"

"बोललो असतो तर तुम्ही मला पडद्याकडे बघायला लावलं असतं." ते एक पाऊल जवळ आले. "आणि मला तुमच्याकडे बघायचं होतं."

बाईंनी पदर तोंडाशी धरला.

"मी विसरेन तुम्हाला," ते हळूच म्हणाले. "आज नाही... पण विसरेन."

"विसरा," बाई म्हणाल्या. "लक्षात ठेवायला मी आहे ना. दोघांनी कशाला ठेवायला हवं?"

त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. सुया टोचून खरबरीत झालेल्या बोटांवरून ते अंगठा फिरवत राहिले.

मुलगी औषधं घेऊन आली. "बाबा, चला—" असं म्हणता म्हणता तिनं ते दोन हात पाहिले, आणि लांबच्या बाकावर जाऊन बसली.