पहिला तांब्या

श्रीवर्धनला कमळकाकूंच्या पोफळींना यंदा मार्चपासून गावचं शुद्ध केलेलं सांडपाणी मिळू लागलं. पोफळी खूश, पण काकूंची पिण्याची विहीर तिथून वीस पावलांवर. तिच्यात हे पाणी झिरपलं, तर विहीर कायमची बंद करावी लागणार. ते तपासायला मातीची अभ्यासक रचना आली. तिचा हात कामात पक्का. मातीने भरलेलं पिंप तिने पोफळीजवळ पुरलं, तळाला नळी जोडली, नळीखाली बाटली ठेवली. वरून मोजून ओतायचं, खाली झिरपलेलं मोजायचं. माती खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. त्या भरवशावर तिने काकूंना शब्दही देऊन टाकला, विहिरीला काही होणार नाही.

अडचण एकच होती. काकू रोज सकाळी विहिरीचा पहिला तांब्या त्याच पोफळीच्या बुंध्याशी ओतायच्या. त्याआधी घरातलं कुणी घोटभर पीत नसे. अशाने सगळी मापं चुकली असती, म्हणून रचनाने गोडीगुलाबीने ते बंद करायला लावलं.

"पहिला तांब्या त्यांचा हाय, ताई."

"कुणाचा?"

"तहानलेल्यांचा. सासूबाय ओतायची, म्हनून मी ओतते."

दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी. आदल्या संध्याकाळी ती अर्धी भरलेली रचनाने स्वतः पाहिली होती. गळती असणार, दुसरं काय! तिने नवी बाटली आणली, पाण्याने भरली, नळीपासून वेगळी ठेवली, बुचावर मेण ओतलं.

सकाळी मेण शाबूत, बाटली ठणठणीत कोरडी.

रचना डगमगली नाही. पाणी जातं, म्हणजे कुठेतरी जातंच. विहिरीत जात असेल, तर तिचा शब्द गेला. तिने बाटली पुन्हा भरली, पाण्यात पक्का लाल रंग कालवला आणि पुन्हा मेण लावलं.

सकाळी बाटली रिकामी. मातीत लालसर ठिपकासुद्धा नाही. विहिरीचं पाणी तिने पांढऱ्या वाटीत तीनदा घेऊन पाहिलं. नितळ.

विहीर वाचली! आनंदाने तिने काकूंना हाक मारली.

काकू विहिरीच्या कठड्यापाशीच उभ्या होत्या. रात्री घासून पालथा घातलेला तांब्या आता सुलटा होता. त्या घरात तांब्याला कुणी तोंड लावत नसे. पाणी वरून प्यायचं, पाहुण्यानेही.

तांब्याच्या काठावर ओठांच्या लाल खुणा होत्या. एकीला लागून दुसरी, पार गोल.

रचनाने सवयीने मोजल्या. सात.

"भागली न्हाय त्यांची," काकू हळूच म्हणाल्या.

रचनाने पोहरा विहिरीत सोडला. दोर सरत गेला, सरतच गेला.

मग पोहरा तळाच्या कोरड्या दगडावर वाजला.