अण्णांचा शेवटचा पेढा

एका पेढ्याने माणूस मरतो का?

दहा वर्षांची शाल्मली सकाळपासून हा प्रश्न मुठीत घट्ट धरून बसली होती. मुठीत पेढ्याचा कागदही होता. काल दुपारी तिने मधुमेह असलेल्या आजोबांना, अण्णांना, गुपचूप पेढा दिला होता. तासाभरात अण्णा गेले.

सन २०५८. तपासणी केंद्रात बाबा डॉ. मुजावरना सांगत होते, "चिरफाड नको हो. आमच्या अण्णांना आता त्रास नको."

"चिरणार नाही. यंत्र बाहेरूनच सगळं शरीर पाहील. फक्त एक सुई."

बाबांनी तरी नकारार्थी मान हलवली.

"करू द्या ना, बाबा!" शाल्मली रडत म्हणाली. "पेढा मी दिला होता."

बाबांनी तिला जवळ ओढलं आणि परवानगीच्या पाटीवर अंगठा टेकवला.

काचेपलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "अण्णा, सुई टोचतेय हं. एकदाच."

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा शाल्मलीने विचारलं, "त्यांना ऐकू येतं?"

"नाही गं. पण न सांगता कुणाला टोचू नये, असं माझी अम्मी म्हणायची."

मग त्यांनी तिला शेजारी बसवलं. "माणूस गेल्यावरही रक्तातल्या पेशी साखर खात राहतात. म्हणून रक्तावर विसंबता येत नाही. पण डोळ्याच्या आत नेत्रद्रव (बुबुळामागचा जेलीसारखा भाग) असतो. घट्ट झाकणाची बरणीच म्हण ना. तिथे बदल सावकाश होतात. सुईने त्याचाच थेंब घेतला. साखर घातक प्रमाणात वाढली असती, तर तिथे सापडली असती."

"सापडली?"

"नाही. आता हे बघ." पडद्यावर अण्णांचं हृदय उमटलं. "हृदयाला रक्त देणारी ही नळी. नळाला आतून क्षार धरतात, तसा थर साचलाय. कित्येक वर्षांचा. काल तिथे गुठळी (गोठलेलं रक्त) अडकली. हे काम तासाभरात पेढा करत नाही, पिल्ला."

शाल्मलीची मूठ हळूच उघडली.

"असा थर घराण्यात चालत येऊ शकतो," डॉक्टर बाबांना म्हणाल्या. "तुमची तपासणी आजच करू. लवकर दिसला, तर औषधाने आवरता येतो."

बाबांनी बाही वर केली. "टोचताना मलाही सांगा हं."

"डॉक्टर, अण्णांना पेढा आवडला होता का, ते यंत्राला कळतं?" शाल्मलीने विचारलं.

"एवढं त्याला अजून येत नाही. मोठी झालीस की तू शिकव. पण काल तू होतीस ना तिथे? सांग बरं."

"डोळे मिटून खाल्ला. मग म्हणाले, तुझ्या बाबाला सांगू नकोस."

कालपासून पहिल्यांदाच बाबा हसले.