नकाशात नसलेली खिडकी

त्या बत्तीस मजली इमारतीला सगळं शहर 'खुंटा' म्हणायचं. जुन्या दगडी घरांच्या, उतरत्या छपरांच्या मधोमध ठोकलेला काचेचा खुंटा. तीस वर्षांपूर्वी तो ज्याने ठोकला, त्याच वास्तुकाराला आता पालिकेने सांगितलं, "तुमचं तुम्हीच निस्तरा. जुन्या वस्तीत शोभेल असा करा."

म्हातारा मान खाली घालून कामाला लागला. कागदावर वरचे मजले उतरवले, काचेच्या जागी दगड घेतला. तो नकाशा काढायचा आणि मिस्त्री त्याबरहुकूम इमारतीचा छोटा लाकडी नमुना कापायचे.

एका सकाळी नमुन्याच्या पश्चिम भिंतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक जास्तीची खिडकी दिसली.

"मिस्त्री, ही नकाशात नाही."

"मग मी काय हौसेनं कापली, साहेब? तुम्हीच काढली असेल. वय झालं आता!"

मिस्त्रींनी भुसा आणि सरस कालवून ती बुजवली. दुसऱ्या दिवशी वाळलेलं बूच टेबलावर पडलेलं. तिसऱ्या दिवशीही. आतून कुणी बोटाने ढकलावं तसं.

म्हाताऱ्याने पट्टी लावली. नमुन्याच्या प्रमाणात मोजलं तर ती खिडकी इतरांपेक्षा वीतभर खाली होती.

खुंट्याआधी तिथे त्याचंच घर होतं. बायकोला गल्लीचं वळण दिसावं म्हणून त्याने खिडकी तेवढी खाली घेतली होती. माप तिच्या कोपराचं, कागदावर कधीच न उतरलेलं. रोज संध्याकाळी ती कोपरं टेकून उभी राही. तो वळणावर दिसला की लगबगीने दाराची कडी काढी. घर पाडताना ती एवढंच म्हणाली, "आता वाट कुठून बघू हो तुमची?" त्याने हसण्यावारी नेलं. नव्या घरात तिने जेमतेम वर्ष काढलं.

"राहू दे ती, मिस्त्री," तो म्हणाला, आणि खिडकी नकाशात घेतली.

खुंट्याची पश्चिमेची काच उतरवली त्या सकाळी मुकादमाने त्याला दुसऱ्या मजल्यावर बोलावलं.

"साहेब, खिडकीसाठी भिंत फोडायची म्हणालात. पण इथे खिडकी आहेच की!"

सिमेंटच्या भिंतीत जुनी लाकडी चौकट होती. खाली गल्लीचं वळण. रिकामं.

लाकडात कोपरांएवढे दोन गुळगुळीत खळगे.

ऊन अजून या बाजूला आलं नव्हतं. चौकट गार होती.

खळगे उबदार होते.

आणि मागे, जिथे दारच नव्हतं तिथे, कुणीतरी कडी काढली.