पुढचं वाक्य

मंगळवारी सकाळी थाम मिथो गावच्या रेडिओ केंद्रावर गेली. काम साधंच होतं. शनिवारी दुपारी तीनला गावातल्या थिएटरात त्यांच्या कंपनीचं नाटक लागलं होतं, त्याची जाहिरात म्हणून श्रोत्यांच्या प्रश्नांना अर्धा तास उत्तरं द्यायची. असले कार्यक्रम तिने तीस वर्षांत कितीतरी केले होते. लोकांना नाटकवाल्यांबद्दल कुतूहल फार, पण ते कुतूहल पाच प्रश्नांच्या पलीकडे कधी जात नाही. प्रश्न तेच, म्हणून उत्तरंही तीच.

तोआन नावाचा हसऱ्या तोंडाचा निवेदक समोर पत्रांचा गठ्ठा घेऊन बसला होता.

"थामताई, पहिलं पत्र. रंगमंचावर तुम्ही रडता ते खरं की खोटं?"

"पाणी खरं असतं. कशासाठी येतं ते विचारू नका."

"नुसतं नाटक आणि संगीत नाटक, यात फरक काय?"

"नुसत्या नाटकात माणूस मरतो. आमच्यात मरायच्या आधी वीस मिनिटं गातो."

तोआन खो खो हसला. "आता सगळ्यांचा आवडता प्रश्न. रोज वेगळं नाटक, एवढं सगळं पाठ कसं होतं हो?"

"साधना," थाम म्हणाली. "पहाटे चारला उठायचं. दिव्यासमोर बसायचं. दुसरं काय?"

हे धादांत खोटं होतं. थामने जन्मात एक नाटक पाठ केलं नव्हतं. फिरत्या कंपनीत कुणीच करत नाही. आज एक खेळ, उद्या दुसरा, परवा तिसऱ्याच गावात तिसरा. चाली तेवढ्या गळ्यात असतात, शब्द विंगेतून येतात. डाव्या विंगेत बुटक्या पाटावर प्रॉम्प्टर बसतो, मांडीवर वही, हातात बॅटरी. नटाच्या एक श्वास पुढे तो वाक्य टाकत राहतो आणि नट ते झेलत राहतो. प्रेक्षकांना वाटतं, काय ही स्मरणशक्ती! नटाचा कान तेवढा तयार लागतो. थामचा कान असा तयार होता की प्रॉम्प्टरचे ओठ हलले की तिचे हलायचे.

तिचे प्रॉम्प्टर म्हणजे साउकाका. सव्वीस वर्षं त्यांनी तिला वाक्यं पुरवली. अठरा दिवसांपूर्वी ते वारले. शनिवारचा खेळ त्यांच्यावाचून पहिलाच. थामला चोपन्नावं लागलं होतं आणि मॅनेजरने आडून आडून सांगून ठेवलं होतं की या खेपेला नीट झालं नाही तर पुढल्या हंगामात बाईंनी आईच्या भूमिका कराव्यात. आईच्या भूमिका म्हणजे काय, तर पहिल्या अंकात खोकायचं आणि दुसऱ्यात मरायचं.

"शेवटचं पत्र," तोआन म्हणाला. "नाव नाही घातलेलं. ऐनवेळी शब्द आठवला नाही, आणि विंगेतूनही कुणी सांगितला नाही, तर नटीने काय करावं?"

"असं होत नाही," थाम म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

पण असं झालं होतं. थामनेच ते घडवून आणलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी कंपनीची नायिका होती लीएन. बेनत्रेची, नारळीच्या बागांतली पोर. रूप बेताचं, पण गळा असा की होड्या थांबायच्या. थाम तिची दासी व्हायची, पंखा घेऊन मागे उभी राहायची आणि मनातल्या मनात तिला पाण्यात पाहायची. लीएनला कसलं भानच नव्हतं. थी नावाचं पिवळं, घमघमीत वासाचं फळ नाटकवाले थिएटरात आणत नाहीत. त्या वासाने मेलेले नाट्यवेडे खेळ बघायला येऊन बसतात, असं मानतात. लीएन ते खुशाल कपड्यांच्या पेटीत दडवायची. म्हणायची, "येऊ देत की. तेवढेच चार प्रेक्षक जास्त."

साउकाका तेव्हा पस्तिशीचे. थामवर त्यांचा जीव होता, हे आख्ख्या कंपनीला माहीत होतं. थाम एक दिवस त्यांच्या पाटाशी जाऊन बसली.

"एकच वाक्य गिळायचं," ती म्हणाली. "फक्त एक. मी नायिका झाले की लग्न करू आपण."

वाक्य तिनेच निवडलं. त्यांच्या संगीत नाटकात नायिका बोलता बोलता शेवटच्या शब्दावरून थेट लांबलचक गाण्यात उतरते. त्या एका उतरणीसाठी लोक तीन तास बसतात. तो शब्द नसेल तर वादकांना धरता येत नाही, ते आपले तेवढाच सूर घोळवत राहतात. त्या दिवशी लीएन पुढे आली, हात वर केला, कान विंगेकडे दिला. विंगेतून काही आलं नाही. वादकांनी सूर घोळवला. पुन्हा घोळवला. ती तोंड उघडून तशीच उभी. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग एक चप्पल आली, मग शिट्ट्या. थाम मागे पंखा हलवत उभी होती. लीएनने एकदा वळून विंगेकडे पाहिलं आणि एकदा तिच्याकडे. तिला कळलं होतं. त्या संध्याकाळी ती गेली ती पुन्हा रंगमंचावर चढली नाही. बाजाराच्या तोंडाशी हू-तियूच्या शेवयांचं दुकान टाकलं. लोक सांगायचे, बाई चव छान करते, पण दिवसभरात चार शब्द बोलत नाही.

लग्नाचं म्हणाल, तर थामने ते कधी केलं नाही. साउकाकांनी कधी विचारलं नाही. पाटावर बसून वाक्यं देत राहिले, बस्स.

पाच आठवड्यांपूर्वी लीएन वारली. कंपनीला तेव्हा सुट्टी होती, सगळे गावातच होते, पण अंत्ययात्रेला साउकाका एकटेच गेले. थाम म्हणाली, माझं डोकं दुखतंय.

शनिवार आला. नवा प्रॉम्प्टर हियू म्हणून एक निवृत्त मास्तर होता. त्याचा आवाज शाळेतला, सांगितलेलं प्रेक्षकांनाही ऐकू जायचं. त्याला उजव्या विंगेत बसवलं. थामने नाट्यकलेच्या मूळपुरुषाच्या देव्हाऱ्यापुढे तीन उदबत्त्या लावल्या.  बाहेर लख्ख ऊन, आत पत्र्याखाली भट्टी, तरी पाठीवरून थंड घाम निघाला होता. नेमकं तेव्हाच कुठूनसा पिकलेल्या थीचा वास आला. कुणा मेल्याने आणलंय, असं पुटपुटत ती प्रकाशात गेली.

आणि आवाज आला.

डाव्या विंगेतून आला. हळू, स्वच्छ, बरोबर एक श्वास पुढे. बाईचा आवाज होता. मॅनेजरने कुणीतरी हुशार बाई आणून बसवलेली दिसते, असं थामला वाटलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. कान लावला, शब्द झेलले. असं प्रॉम्प्टिंग तिला जन्मात मिळालं नव्हतं. कुठे थांबायचं, कुठे सुस्कारा, सगळं त्या आवाजात होतं. गाण्याच्या तोंडाशी, लीएन अडली होती तिथेच, तिने कान ताणला. पण शब्द आला, वेळेवर आला, आणि ती सुरात उतरली तेव्हा टाळ्यांनी पत्रे हलले.

पडदा पडल्यावर ती हियूकडे गेली.

"मास्तर, डावीकडे कोण बसलं होतं?"

"डावीकडे? पेट्या सगळ्या तिकडंच रचल्यात ना. मांजर बसायला जागा नाही." मास्तर कौतुकाने हसला. "आणि ताई, तुम्हाला प्रॉम्प्टर हवा कशाला? मी तोंड उघडायच्या आत तुमचं बोलून होत होतं. पहिल्या प्रवेशानंतर मी वहीच मिटली."

थाम डाव्या विंगेकडे वळली. मग तिला तो आवाज आला, कानाशी, अगदी जवळून: 'दमले हो मास्तर. येते मी.'

"दमले हो मास्तर," थामचं तोंड म्हणालं. "येते मी."

आवाज ओळखायला तिला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. लीएनला तिने कायम गाताना ऐकलं होतं. कुजबुजताना कधी ऐकलंच नव्हतं.

रविवारी ती बाजारात गेली. कोळिणीपुढे उभी राहिली. 'कालचा दिसतोय गं हा मासा,' आवाज म्हणाला, आणि तेच ती म्हणाली.

"कालचा? बाई, अजून शेपटी हलतेय त्याची! डोळे तपासून घ्या जरा."

थामला म्हणायचं होतं, राहू दे, देऊन टाक. साधे चार शब्द. तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. जिभेवर, घशात, डोक्यात, कुठेच काही नव्हतं. मग आवाज म्हणाला, 'डोळे तुझेच गेलेत,' आणि थामने ते म्हटलं, आणि कोळिणीने तिच्या सात पिढ्या काढल्या.

घरी येऊन तिने दार लावलं आणि आरशापुढे उभी राहिली. स्वतःचं नाव उच्चारायचा प्रयत्न केला. दुपार कलली तरी जमलं नाही. शेवटी कानाशी कुणीतरी कंटाळल्यासारखं म्हणालं, 'माझं नाव थाम.' तेव्हा कुठे तिला म्हणता आलं.

आवाज वाईट काही सांगत नव्हता. शेजारणीला नमस्कार, मॅनेजरला हो, दूधवाल्याला नको. सगळं रीतसर आणि वेळच्या वेळी. मॅनेजर तर खूष होता, पुढचा हंगामही बाईंचाच, म्हणाला. जे हवं होतं ते थामला मिळालं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडचं बोलत आली, आता तेवढंच उरलं होतं.

चार दिवस तिने काढले. चौथ्या दिवशी तिला उमगलं की एकच वाक्य आपल्याला स्वतःचं असं म्हणायचंय. ते सव्वीस वर्षांपूर्वी म्हणायचं राहिलं होतं. लिहून द्यावं म्हणून तिने कागद घेतला, पेन टेकवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला, अक्षर उमटलं नाही. म्हणून ती स्वतः निघाली. लीएन नाही तर लीएनची मुलगी तरी आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की येईल तोंडातून. दगडालासुद्धा पाझर फुटतो म्हणतात.

सकाळचे अकरा वाजले होते. दुकानात गर्दी होती, हाडांच्या रश्श्याची वाफ छतापर्यंत गेली होती. लीएनची मुलगी दाओ पंचविशीची, आईसारखाच रुंद चेहरा. मागच्या भिंतीवर लीएनचा फोटो, पुढे संत्री, शेजारी स्वयंपाकघराचा कापडी पडदा.

दाओने तिला लगेच ओळखलं.

"या, मावशी. आईला उदबत्ती लावता?"

'हो गं, लावते,' आवाज म्हणाला.

"हो गं, लावते," थाम म्हणाली. तिने उदबत्ती लावली, तीनदा वाकली. मग वळली.

'दाओ,' आवाज म्हणाला.

"दाओ..."

आणि आवाज थांबला.

थाम वाट पाहत राहिली. इतक्या वर्षांची सवय, कान आपोआप पडद्याकडे वळला. पडद्याआड कुणीतरी होतं. बोलण्याआधी माणूस घेतो तसा भरून घेतलेला श्वास तिला ऐकू आला. तो सुटला नाही. तिथेच धरून ठेवलेला होता.

"बोला ना, मावशी," दाओ म्हणाली.

थामने तोंड उघडलं. चूक... माझी... असलं काहीतरी होतं ना ते वाक्य? कसं सुरू होत होतं? जवळच्या टेबलावरच्या माणसाने काड्या खाली ठेवल्या. दुसऱ्याने पाहिलं. कोपऱ्यात एक मुलगी खुदकन हसली आणि तिच्या आईने तिला दापलं. थामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हे पाणी कशासाठी, ते यावेळी तिला पक्कं ठाऊक होतं. पण पाण्याला शब्द नसतात. ती हात अर्धवट वर उचलून तशीच उभी राहिली.

दाओला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने फडक्याने एक स्टूल पुसलं आणि थामच्या पायाशी आणून ठेवलं.

"उभ्या राहू नका. पाय सुजतात. साउकाका हट्टाने उभे राहायचे."

थामने तिच्याकडे पाहिलं.

"आई गेल्यावर आठवड्याने आले ते. असेच फोटोपुढून वळले, माझं नाव घेतलं, आणि पुढे काही नाही. मला वाटलं, म्हातारं माणूस, वाचा बसली असेल. पाणी दिलं, घेईनात. दुकान बंद होईस्तोवर तोंड उघडायचं आणि मिटायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दारात. नऊ दिवस येत होते. दहाव्या दिवशी ते गेल्याची बातमी आली."

तिने वाडग्यात शेवया घेतल्या, वरून रस्सा ओतला आणि तो वाडगा थामसमोर ठेवला.

"खाऊन घ्या, मावशी," दाओ म्हणाली. "तुमचा आज पहिलाच दिवस ना?"