लिंबाखालची पंगत

गुरुवारी सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात उलट्यांचे दोन रोगी आले, तेव्हा आरोग्यसेविका ममताने नेहमीचा फॉर्म काढला. मागच्या तीन दिवसांत काय काय खाल्लं, ते त्यात लिहायचं असतं.

"भाकर, तुरीचं वरण, आन् गुडघ्याचं चूर्ण," दुखऱ्या गुडघ्याला फडकं बांधलेले मारोतीबाबा म्हणाले. बाजारात जीपवाल्याकडून घेतलेला पांढरा डबा त्यांची बायको इंदूबाई हिने पिशवीतून काढला. वर हिरवी पानं छापलेली; बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ममताने झाकण उघडलं. आत ओलसर भुकटी, तिला बुरसलेल्या शेंगदाण्यांचा वास.

"आन् पंगतीत भात जेवलो. लिंबाखाली."

"कोन्ती पंगत वं बाई?" इंदूबाई कावरीबावरी झाली. "हे तर आठ रोज झाले, खाटेवरून उठले नाहीत."

"बाजूले तांड्यावरची म्हातारी बसेल होती," बाबा म्हणाले. "खांद्यापावतर पांढऱ्या चुड्या."

बायकांच्या वॉर्डात सुखीबाई होती, वीस किलोमीटरवरच्या तांड्यातली. दंडावर पांढऱ्या चुड्यांची रांग. उशाशी तसाच डबा. ममताने पंगतीचा विषय मुद्दामच काढला नाही.

"पंगतीत जेवली मी," सुखीबाई आपणहून म्हणाली. "भाताले मातीचा वास येत होता. बाजूले एक बुढा होता, गुडघ्याले फडकं बांधेल."

तापात माणूस बरळतो, असं स्वतःला बजावून ममताने फक्त चूर्ण लिहिलं. डबे तपासणीला पाठवले. दुपारभर गावोगावच्या आशाताईंना फोन केले. ते चूर्ण कोणी घेऊ नका, घरोघरी सांगा.

चार वाजता ती सुखीबाईचं सलाईन बदलत होती.

"बुढा उठला," सुखीबाई म्हणाली. "पान तसंच टाकून गेला."

ममता पुरुषांच्या वॉर्डाकडे धावली.

इंदूबाई नवऱ्याचे डोळे हाताने मिटवत होती.

शुक्रवारी सुखीबाईच्या उलट्या थांबल्या. तिने चहा मागितला. ममताला कालपासून पहिल्यांदा हायसं वाटलं. तरी विचारल्यावाचून राहवेना.

"मावशी, उठली ना पंगत?"

"आमची उठली." सुखीबाईने बशीत फुंकर घातली. "आता दुसरी बसून राह्यली."

"कोण बसलंय?"

"सारे लेकरंच हायेत."

ममता खिडकीशी गेली.

फाटकातून एक बाई लगबगीने आत येत होती. तिच्यामागे आणखी दोघी. तिघींच्याही कडेवर माना टाकलेली लेकरं.

"याले भूक लागत नव्हती, ताई," पहिली दारातूनच रडत म्हणाली, "म्हणून चमचाभर चूर्ण देल्लं."

लेकराचं तोंड हलत होतं; ममताने ते उघडून पाहिलं. काहीच नव्हतं.

तिने बोट काढलं, तसं ते डोळे मिटूनच पुन्हा सावकाश चावू लागलं.